सोबतीने धावताना : मॅरेथॉनपूर्वीच्या अठरा आठवड्यांचा पाठ

१९२० साली बेल्जममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामने भरले होते. त्यांतील मॅरेथॉन शर्यतीत आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे धावले व एकोणिसावे आले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरांची होती. म्हणजे आज ठरून गेलेल्या ४२.१९५ किलोमीटरांहूनही अर्ध्या किलोमीटराने अधिक लांब. चौगुले यांना ती पुरी करण्यास २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद लागले. विद्यार्थिमित्रांनी वहीच्या मागील पानावर एवढा भागाकार करून पाहावा. दर किलोमीटरास चार मिनिटांहूनही किंचित कमी वेळ पडतो! आपल्या वर्गातील एखादा चपळ मुलगा एक किलोमीटर त्या वेगाने धावून दाखवील. परंतु त्यास लागोपाठ आणखी एकेचाळीस किलोमीटर तसेच धावावयास सांगितले, तर तो तिसऱ्या किंवा चौथ्या किलोमीटरास रस्त्याच्या कडेला बसलेला आढळेल.

त्या काळी आपल्या देशातील धावपटूंस शिक्षक नव्हते, वेळापत्रक नव्हते आणि बहुधा पायांत जोडेही नव्हते. पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती पाहताना अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले दोराबजी टाटा यांच्या दृष्टीस पडली, आणि त्यांच्याच खटपटीने भारताचा चमू अँटवर्पला गेला. इतका दम या मुलांच्या अंगी कोठून आला, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात शोधावे लागत नाही. लहानपणापासून ती रोज मैलोगणती चालत आणि धावत होती. त्यांच्या पायांनी अंतराचा साठा वर्षानुवर्षे, नकळत, थोडाथोडा करून ठेविला होता. आपण शहरातली माणसे तो साठा चार महिन्यांत करू पाहतो. आमच्या मते मॅरेथॉनच्या तयारीतील सारी अडचण या एका गोष्टीत आहे, आणि आम्ही ती पुस्तकांपेक्षा स्वतःच्या चुकीतून अधिक शिकलो.

आम्ही चौघे याच शाळेचे माजी विद्यार्थी. आमच्यापैकी एक बँकेत कारकून आहे, एकाचे कापडाचे दुकान आहे, एक शिक्षक आहे, आणि चौथा उद्यमबागेतील एका ओतकामाच्या कारखान्यात पाळीवर काम करतो. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत होणाऱ्या मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये धावावयाचे असे आम्ही ठरविले. गणपती विसर्जन झाले, पावसाचा जोर ओसरला, आणि पुढच्याच रविवारी पहाटे साडेपाच वाजता आम्ही टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जमलो. हातात अठरा आठवडे होते. शिक्षकमित्राने एक शंभरपानी वही आणली होती. तीत प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना आखलेला होता, आणि दर आठवड्यास कोण किती किलोमीटर धावला हे त्यात लिहावयाचे होते.

येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. कारण नुसती वही भरून पाय तयार होत नाहीत.

धावताना माणसास, आपल्या वजनाच्या दर किलोमागे व दर किलोमीटरामागे, ढोबळमानाने एक किलोकॅलरी शक्ती खर्चावी लागते. साठ किलो वजनाच्या माणसास बेचाळीस किलोमीटरांसाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतील. आता ही शक्ती येते कोठून? एक भांडार स्नायूंत व यकृतात असते. तेथे साखर ग्लायकोजेन या रूपाने साठविलेली असते. हे भांडार जलद उपयोगी पडते. पण ते लहान आहे, चांगले भरलेले असले तरी साधारण २,००० किलोकॅलरींच्या आतच. दुसरे भांडार चरबीचे. एका किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे किलोभर चरबीवर हिशेबाने तीन मॅरेथॉन धावता याव्यात! परंतु चरबीतून शक्ती सावकाश मिळते. घरातली रोकड आणि शेतातले उभे पीक यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. रोकड संपली की हातपाय जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तिसाव्या किलोमीटरानंतर चांगला धट्टाकट्टा माणूस पाय ओढू लागतो.

आता आठवड्यामागून आठवडा सावकाश व लांब धावल्याने काय साधते पाहा. स्नायूंमधील बारीक केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील मायटोकाँड्रिया नावाच्या ज्या भट्ट्या प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जाळतात, त्यांची संख्या व ताकद वाढते. त्यायोगे शरीर चरबी अधिक वेगाने वापरू लागते, आणि साखरेची रोकड पुष्कळ वेळ टिकते. यासाठी धापा टाकीत धावण्याची मुळीच गरज नाही. धावता धावता एकोणतिसाचा पाढा मध्ये न थांबता म्हणता आला, तर वेग बरोबर आहे असे समजावे. आम्ही हा प्रयोग खरोखरच केला. दुकानदारमित्राचे पाढ्यात तीन वेळा चुकले; ते श्वासामुळे की पाढा येत नसल्यामुळे, हे मात्र अद्याप ठरावयाचे आहे.

येथवर सर्व सोपे आहे. अडचण पुढे आहे. हृदय, रक्त व स्नायू काही आठवड्यांतच सुधारतात. पण कंडरा आणि हाडे यांची चाल फार मंद असते. कंडरांस रक्ताचा पुरवठा थोडा. हाडाची गोष्ट तर त्याहून चमत्कारिक आहे. नवा भार पडू लागला की शरीर आधी हाडाचा जुना भाग पोखरून काढते व मग तेथे नवे हाड भरते. पोखरणे लवकर होते, भरण्यास महिने लागतात. घराची भिंत दुरुस्त करताना गवंडी जुना भाग पाडतो, तेव्हा मधले काही दिवस ती भिंत पूर्वीपेक्षाही कच्ची असते, तसेच हे. म्हणून धावणाऱ्याचा दम वाढतो, त्यास वाटते की आपण आता वाटेल तितके धावू, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या नडगीचे हाड सर्वांत दुबळे असते. दम वाढला म्हणजे हाडही घट्ट झाले, असे मुळीच समजू नये.

मग दर आठवड्यास वाढवावे तरी किती? धावपटूंत असा एक नियम प्रचलित आहे की, मागील आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. २० किलोमीटरांपासून आरंभ करून दर आठवड्यास दहा टक्के वाढविले, तर बाराव्या वाढीनंतर आपण ६२.८ किलोमीटरांवर पोहोचतो. चक्रवाढ व्याजाचेच हे गणित आहे. दहावीच्या मुलांनी करून पाहण्यासारखे. परंतु हा नियम वेदवाक्य मानू नये. हॉलंडमधील ग्रोनिंगन येथे नवख्या धावपटूंच्या दोन गटांची तुलना करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एका गटास तेरा आठवड्यांत, दहा टक्क्यांच्या बेताने, सावकाश वाढविले; दुसऱ्यास नेहमीच्या पद्धतीने आठ आठवड्यांत. दोन्ही गटांत सुमारे पाचांपैकी एकास दुखापत झालीच! यावरून वाढीस मर्यादा नको असा अर्थ कोणी काढू नये. एकच टक्केवारी सर्वांच्या पायांस लावता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. दहा किलोमीटर धावणाऱ्यास दहा टक्के म्हणजे अवघा एक किलोमीटर. साठ धावणाऱ्यास सहा. आठ तास झोपणाऱ्याचे हाड वेगळे, रात्रपाळी करणाऱ्याचे वेगळे.

आमची योजना अशी होती. पहिल्या चार आठवड्यांत २०, २२, २५ आणि पुन्हा २०. मग २७, ३०, ३३ व २६. त्यानंतर ३६, ४०, ४३ व ३४. पुढे ४७, ५१ व ५५. आणि शेवटचे तीन आठवडे उतरते. दर तीन आठवडे चढल्यावर चौथा आठवडा मुद्दाम खालचा ठेविला होता, यासाठी की पोखरलेली भिंत भरून निघावी. आठवड्यातून चार दिवस धावणे: मंगळवार, गुरुवार व शनिवार थोडेथोडे, आणि रविवारी लांब. रविवारचे अंतर आठ किलोमीटरांपासून तिसापर्यंत नेले. पंचावन्नपैकी तीस एकाच दिवशी, हे प्रमाण चांगले नव्हे, हे आम्हांस आज कळते. पण नोकरी-धंदा सांभाळणाऱ्यांस पाचवा दिवस काढणे साधत नव्हते.

रविवारी आम्ही वडगाववरून येळ्ळूरच्या रस्त्याने जात असू. दोन्ही बाजूंस भाताची शेते. आश्विनात लोंब्या भरल्या की पहाटेच्या धुक्यात त्यांचा जो वास सुटतो, त्याचे वर्णन करण्याचे सामर्थ्य आमच्या लेखणीत नाही. एकदा एका आजीबाईंनी आम्हांस थांबवून विचारले, "पोरांनो, गाडी चुकली काय रे?" नाही म्हणताच त्या म्हणाल्या, "मग असं जीव खाऊन कशाला पळताय?" या प्रश्नास आम्हांपैकी कोणासही नीट उत्तर देता आले नाही. एक मात्र खरे की, एकट्याने आम्ही कोणीही पहाटे साडेपाचला उठलो नसतो. आपण नाही गेलो तर तिघे मैदानावर अंधारात वाट पाहत उभे राहतील, या एका विचाराने पांघरूण दूर होते. सोबतीचा हा मोठा गुण.

सोबतीच्या या गुणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूझीलंडमध्ये घडले. ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड (१९१७–२००४) नावाचे एक गृहस्थ जोड्यांच्या कारखान्यात काम करीत. किती धावावे याचा प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्याच शरीरावर केला, आणि आठवड्यास सुमारे शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हे प्रमाण निश्चित केले. मग आसपासच्या तरुणांस बरोबर घेऊन ते दर रविवारी शहराच्या पश्चिमेकडील डोंगरांतून बावीस मैलांच्या फेरीस जाऊ लागले. ८०० मीटर धावणारा पीटर स्नेल, ५,००० मीटर धावणारा मरे हॅलबर्ग आणि मॅरेथॉन धावणारा बॅरी मॅगी हे सारे एकाच रस्त्यावर, एकाच रविवारी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल व हॅलबर्ग यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविली, आणि इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून जिंकलेल्या मॅरेथॉनमध्ये मॅगी तिसरा आला. लिडियार्ड यांचा आग्रह असा की, शरीरास वळण लावावे, त्यास पिळू नये. शंभर मैलांचा आकडा ऐकून पुष्कळांनी तो उचलला. त्यामागची वर्षे मात्र कोणी मोजली नाहीत.

याच लिडियार्ड यांची आणखी एक हकीकत आम्हांस पदकांहून अधिक आवडते. त्यांनी ऑकलंडमध्ये साध्या, वयस्क, हृदयविकाराने आजारी अशाही लोकांस सावकाश धावण्यास लाविले होते. १९६२-६३ च्या सुमारास अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले असता, त्यांनाही या मंडळींत धावावे लागले. पन्नाशीतले बॉवरमन चढावर मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा मागे वळून आला, त्यांच्या चालीने धावू लागला व गप्पा मारीत त्यांना शेवटपर्यंत घेऊन गेला. बॉवरमन यांनी परत जाऊन हीच रीत आपल्या देशात रुजविली, आणि १९६७ साली हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञासह तिच्यावर पुस्तकही लिहिले.

आम्ही ही गोष्ट आधी वाचली असती तर बरे झाले असते. पहिले आठ आठवडे आमचे ठीक चालले. बँकेतला मित्र सर्वांत सावकाश. त्याच्या चालीने सर्वांनी धावावयाचे असा नियम होता आणि तो पाळलाही जाई. आठवा आठवडा दिवाळीत आला. फराळ झाला, पाहुणे झाले. ठरलेले सव्वीस किलोमीटर कसेबसे पुरे झाले. पाडव्यानंतर जमलो तेव्हा प्रत्येकाच्या मनात अपराधाची भावना होती. दुकानदारमित्र म्हणाला, "चला, भरपाई करू." आणि वहीत ३६ लिहिलेले असताना आम्ही त्या आठवड्यास ४६ किलोमीटर धावलो. सव्वीसावरून सेहेचाळीस! दिवाळीपूर्वीच्या ३३ शी ताडून पाहिले तरी सुमारे चाळीस टक्के वाढ. रविवारी तर येळ्ळूरहून परतताना कोणी कोणास मागे टाकतो याची चुरसच लागली. त्या दिवशी पाढा म्हणण्याची कोणास आठवणही झाली नाही.

कारखान्यातला मित्र त्या चुरशीत पहिला आला. तो आमच्यात सर्वांत काटक. पण त्या आठवड्यास त्याची रात्रपाळी होती. आठ तास भट्टीपाशी उभा राहून, दोन तास डुलकी घेऊन तो मैदानावर येत असे. आमच्या वहीत त्याचे ४६ आणि दुकानदाराचे ४६ शेजारी शेजारी लिहिले गेले. जणू ते एकच होते!

पुढील दोन आठवडे तो थोडा पाय दाबून धावत होता. आम्ही ते पाहिले. नवीन जोडे चावत असतील, असे समजून आम्ही विषय सोडून दिला. बाराव्या आठवड्यात एका सकाळी तो आलाच नाही. डॉक्टरांनी तपासून नडगीच्या हाडास बारीक चीर पडल्याचे सांगितले व किमान सहा आठवडे धावणे बंद केले. सहा आठवड्यांनी तर शर्यत होती. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्याच्या आईने चहा दिला, आणि शांतपणे म्हणाल्या, "दोन आठवडे रात्री पाय चोळत बसायचा. तुम्हाला सांगू नको म्हणायचा. त्याच्यामुळं तुमचं थांबेल म्हणून." आम्ही तिघेही खाली मान घालून चहा प्यालो.

त्याने सांगितले नाही, यात त्याची चूक होती असे काही वाचकांस वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. तसे वाटणे सोयीचेही होते. पण ज्या सोबतीने आम्हांस पहाटे अंथरुणातून उठविले, तिनेच त्याचे तोंड बंद केले. सोबत सोडावयाची नाही ही जी ओढ, तिला चांगले-वाईट कळत नाही. दुखण्याची गोष्ट बोलावयास ज्या टोळीत लाज वाटते, त्या टोळीची वही कितीही नीट आखलेली असो, तिच्यात मुख्य गोष्ट लिहिलेलीच नसते. विचारणे हे आमचे काम होते.

मुंबईस आम्ही तिघेच धावलो, परंतु रेल्वेने चौघेही गेलो. शर्यतीच्या उत्तरार्धात पेडर रोडचा चढ लागतो. तेथे तो गर्दीत उभा होता. हातात मिठाच्या पाण्याची बाटली आणि सोललेली संत्री. बँकेतला मित्र त्या जागी चालू लागला होता. आमच्या या मित्राने त्याच्या हातात संत्रे ठेवले व फुटपाथावरून शंभरएक पावले त्याच्या बरोबरीने चालत गेला. बाकीच्या शर्यतीविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. तिघेही शेवटपर्यंत पोहोचलो. वेळा सांगून चौगुले यांच्या नावाने आरंभिलेल्या लेखास आम्ही उणेपणा आणू इच्छीत नाही.

येथे विद्यार्थिमित्रांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पूर्ण मॅरेथॉन अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून धावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वाढत्या वयातील हाडांची टोके अद्याप कोवळी असतात. शाळेत असताना पाच किलोमीटर हे मोठे अंतर समजावे, आणि तेही आठवड्यातून दोन-तीनदाच. पण वहीचा उपयोग मात्र आजही होईल. आमची जुनी वही चार रकान्यांची होती. नव्या वहीत प्रत्येकाच्या नावाखाली तीन लहान रकाने आहेत: किती धावलो, रात्री किती तास झोपलो, आणि कोठे दुखते काय. तिसरा रकाना ज्याचा त्याने भरावयाचा नाही. शेजारच्याने विचारून भरावयाचा. दुखते असे उत्तर आल्यास त्या आठवड्यास त्याने विश्रांती घ्यावयाची, आणि रविवारी उरलेल्यांपैकी एकाने त्याच्या घरी जाऊन यावयाचे.

कारखान्यातल्या मित्राची नडगी भरून आल्यावर त्याने पुन्हा आठवड्यास दहा किलोमीटरांपासून आरंभ केला. रात्रपाळीच्या आठवड्यात त्याचा आकडा आम्ही निम्माच ठेवितो. गेल्या खेपेस त्याने त्यावर हरकत घेतली. "माझा पाय आता बरा आहे," असे तो म्हणाला. बँकेतल्या मित्राने वही उघडली, झोपेच्या रकान्यातला साडेतीनचा आकडा त्यास दाखविला, आणि दोघे मिळून चालतच येळ्ळूरच्या रस्त्याला लागले.